सकाळी बंद, दुपारी चालू

मी आजवर कंपन्यांना बरीच पत्रं लिहिली आहेत. स्टोव्हच्या वायसरबद्दल लिहिलं, कंदिलाच्या काचेबद्दल लिहिलं, एकदा चहाच्या पुड्यात निघालेल्या काड्या पाकिटात घालून परत पाठवल्या. शेजारणी हसायच्या. कंपनी काय तुमची आत्या लागते का उत्तर द्यायला, असं एकीने विचारलंही होतं. तिचं फारसं चुकत नव्हतं. माझी बहुतेक पत्रं विहिरीत दगड टाकावा तशी गेली, आणि विहिरीतून निदान आवाज तरी येतो.

पण एका पत्रामुळे माणूस आला. मुंबईहून एस.टी.ने, हातात पिशवी घेऊन, पनवेलला आमच्या दारात. तो का आला हे मला पुढे नीट कळलं, म्हणून हे लिहून ठेवते आहे.

तेव्हा मला पनवेलला येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती. आमचे हे कचेरीत कारकून. लग्नाआधी मी पुण्याला मावशीच्या विलायती मशीनवर शिवण शिकले होते, एवढ्या भांडवलावर महिला मंडळाने शिवणवर्ग माझ्या गळ्यात घातला. वाचनालयामागची एक खोली मिळाली. दोन हातमशीनं घेतली, आपल्याच देशात बनलेली. नवं स्वराज्य होतं, देशी मशीन घेताना मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी त्याला हळदकुंकू लावून दोन शब्द बोलूनही घेतले. आषाढात वर्ग सुरू झाला. पंधरा बायका होत्या. बहुतेक बाजारपेठेच्या आसपासच्या, आणि एक गव्हाणची.

ती गव्हाणची आगरी घरातली. वय असेल पंचवीस-सव्वीस. नवरा वारला होता, मूल नव्हतं, भावाकडे राहत होती. घरातली सगळीच मिठावर राबणारी. दिवाळीनंतर मिठागरं सुरू झाली की ती पाऊस लागेपर्यंत सकाळपासून खाऱ्या पाण्यात उभी. मीठ ओढायचं, टोपलीत भरायचं, डोक्यावरून राशीपर्यंत न्यायचं. तिचे पाय मी पहिल्याच दिवशी पाहिले, कारण वर्गात सगळ्या चपला बाहेर काढून बसत. टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत अशा चिरा होत्या की मी विचारलं, हे काय. ती म्हणाली, मीठ. जणू मी आडनाव विचारलं होतं.

पावसाळ्यात मिठाचं काम बंद असतं म्हणून ती येऊ शकली. आठवड्यातले तीन दिवस पनवेलला आपल्या मावशीकडे राहायची, बाकीचे गव्हाणला. बोटं जाड, सुई हातात धरायला आधी त्रास झाला, पण कापायला बसली की तिचा अंदाज कधी चुकला नाही. दसऱ्यापर्यंत तिला सदरा येऊ लागला. तिने भावाच्या मागे लागून स्वतःचं मशीन घेतलं, वर्गातल्यासारखंच, त्याच कंपनीचं. भावाने घेऊन दिलं, पण अट घालून. यंदा मिठागरं लागतील तोवर मशीनला काम मिळालं पाहिजे आणि ते टिकलं पाहिजे. नाहीतर मशीन विकायचं आणि हिने मिठावर जायचं.

काम मिळालं. त्यांच्या गावच्या शाळेच्या गुरुजींनी सव्वीस जानेवारीच्या झेंडावंदनासाठी मुलांचे तीस पांढरे सदरे तिला दिले. कापड शाळेचं, शिलाई हिची. ती बातमी सांगायला आली तेव्हा हसली नाही, फक्त म्हणाली, "बाय, तीस म्हंजे लई हायत ना?" मी म्हटलं, दिवसाला एक केलास तरी वेळ उरेल.

मार्गशीर्षात थंडी पडली आणि तिचं मशीन बसलं.

बसलं म्हणजे मोडलं नाही. सकाळी चाक फिरवायला गेलं की फिरेना, जोर लावला तर दोन टाके घालून थांबायचं. दोरा तुटायचा. दुपारी बारा-साडेबारानंतर मात्र सुरळीत चालायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बंद. ती हे मला सांगत होती तेव्हा मी मान हलवत होते, कारण वर्गातली दोन्ही मशीनंही तेच करत होती. मी वर्गाची वेळ सकाळची दुपारी करून टाकली होती आणि कुणाला कारण सांगितलं नव्हतं. शिकवणाऱ्या बाईला मशीन कळत नाही असं दिसलेलं बरं नव्हे.

वर्गाला दुपार चालत होती, तिला चालत नव्हती. भावाकडे राहायचं म्हणजे दुपारनंतर पाणी, लाकडं, गुरं, रात्रीचा स्वयंपाक हे सगळं तिच्याकडे. तिचा मोकळा वेळ सकाळचा. भाऊ-भावजय मिठावर गेली की दुपारपर्यंत घर तिचं. त्या वेळात मशीन मुकं. दिवसाला एक सदरा राहिला बाजूला, चार दिवसांत एक होईना.

मशीन ज्या दुकानातून घेतलं त्या दुकानदाराकडे मी गेले. म्हातारा मुसलमान गृहस्थ, सगळा बाजार त्यांना चाचा म्हणायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मशीन सकाळी नमाज पढतं काय? मी हसले नाही म्हणून मग नीट बोलले. दोन वर्षांची हमी आहे, कंपनीला लिहा, पण फार उम्मीद ठेवू नका.

"बाई, कंपनीला जबान हाय, कान नाय," ते म्हणाले. "जाहिरात बगा केवडी मोटी. तक्रारीची पेटी कुटं बगितली काय?"

पहिलं पत्र आमच्या ह्यांनी इंग्रजीत लिहून दिलं. कचेरीची भाषा. आरंभी विनंती, मध्ये आदर, शेवटी पुन्हा विनंती, आणि मशीन बिघडलं आहे हे कुठेतरी दोन आदरांच्या मध्ये सापडायचं. दहा दिवसांनी छापील कार्ड आलं. आपलं पत्र पोचलं, आपली सूचना संबंधित खात्याकडे पाठवली आहे, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. खाली सहीचा शिक्का. मला राग आला तो शिक्क्याचा. हात उचलून सही करायलाही माणूस नाही.

दुसरं पत्र मी मराठीत लिहिलं आणि काही शिल्लक ठेवलं नाही. मशीन सकाळी बंद असतं आणि दुपारी चालतं, हे लिहिलंच. शिवाय माहितीचं पुस्तक फक्त इंग्रजीत आहे, ते आमच्या वर्गातल्या बायकांनी कसं वाचायचं. तेलाची बाटली अंगठ्याएवढी, तिचं बूच गळतं, आणि पनवेलात ते तेल विकत मिळत नाही. लाकडी झाकण पावसात फुगतं, मग बसत नाही. हे सगळं लिहून काढल्यावर मला बरं वाटलं. त्यालाही तेच कार्ड आलं. तेच शब्द, तोच शिक्का, फक्त यावेळी जरा वाकडा.

तिसऱ्या पत्राला टाइप केलेलं उत्तर आलं. मशीन स्वखर्चाने मुंबईला पाठवावं, तपासून दीड-दोन महिन्यांत परत मिळेल. दीड-दोन महिन्यांत झेंडावंदन होऊन झेंडाही उतरला असता.

पौष उजाडला होता. एक दिवस तिचा भाऊ बाजाराला आला तेव्हा माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला, आत या म्हटलं तरी आला नाही. बोलायला चांगला होता, आवाज चढवला नाही. मिठागरं कधीची सुरू झालीत, माणसं कमी पडतात, आणि ही घरात मशीनपुढे बसून मशीनकडे बघते, असं त्याचं म्हणणं.

"बाय, मशीन बसलं तं बसू द्या," तो म्हणाला. "पन त्याच्यासंगं बहीन बी बसवून ठेवू का? संक्रांतीपर्यंत बगतो. मंग मिठावर धाडतो."

त्याला दोष देता येत नव्हता. त्याने अट आधीच सांगितली होती. मी त्याला म्हटलं, कंपनीचं उत्तर यायचं आहे. तो म्हणाला, कंपनी कुठे राहते? मी म्हटलं, मुंबईला. त्याने मान डोलावली. मुंबईला असलेल्या गोष्टींबद्दल त्याचा जो काही अनुभव होता तो त्या मान डोलावण्यात आला.

त्यानंतर दोन दिवसांनी ती आली. सकाळीच. मशीन पोत्यात गुंडाळून बसमधून मांडीवर घेऊन आली होती, मी एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून. मी ते आमच्या मागल्या अंगणात पाटावर ठेवलं. चाक फिरवून पाहिलं, हललं नाही. ऊन तिरकं येत होतं. पाटाशेजारी माझी केसांच्या तेलाची बाटली उन्हात ठेवलेली होती. थंडीत ते तेल गोठतं, तेव्हा सगळ्यांच्याच अंगणात सकाळी ती बाटली अशी असायची.

आम्ही चहा प्यायलो. ती मशीनकडे बघत बसली होती. चहा झाला, भांडी झाली, मी तांदूळ निवडायला घेतले, आणि ती अजून बघतच होती. बऱ्याच वेळाने तिने हात लांब करून बाटली हलवली, मग चाक फिरवलं. चाक फिरलं.

"बाय, दोगं एकदमच जागं व्हतात," ती म्हणाली.

"कोण दोघं?"

"बाटली न् मशीन. माज्या घरी बी आसंच. मना वाटलं, मनाच आसं वाटतंय."

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. तिला विचारलं, तू मशीनला कुठलं तेल घालतेस? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही खुळ्यासारखं विचारलं होतं. तेल म्हणजे खोबरेल. दुसरं कुठलं? तिच्या घरी मिठावर जाण्याआधी पायांना तेच चोळत, दुखलंखुपलं तेच लावत. आणि हे तर चांगलं, घाण्यावरचं, भावाने अलिबागकडून आणलेलं. ते ती स्वतःच्या केसांना लावत नव्हती. मशीनसाठी राखून ठेवलं होतं. तिळाचं घातलं तर पोरांच्या पांढऱ्या सदऱ्यांना वास लागेल, म्हणून तिने विचार करून खोबरेल घातलं होतं. दर आठवड्याला, मी सांगितलं होतं तसं.

मी सांगितलं होतं तसं. इथे मला थांबावं लागलं. मी वर्गात काय सांगितलं होतं? आठवड्यातून एकदा तेल द्या. कुठलं तेल, हे मी कधी बोलले नव्हते. मावशीकडे मशीनच्या खणात एक बाटली असायची, तीच ओतायची, तिच्यात काय आहे हे मला कधी विचारावंसंच वाटलं नाही. वर्गातली कंपनीची बाटली श्रावणातच संपली होती. मग मी पाळ्या लावून दिल्या, या आठवड्यात हिने तेल आणायचं, पुढच्या आठवड्यात तिने. पंधराजणींनी पाळीपाळीने आपापल्या घरून खोबरेल आणलं आणि मशीनमध्ये ओतलं. वास कसा आला नाही, असं कुणी विचारेल. पंधरा बायकांच्या पंधरा वेण्यांना तोच वास होता. खोलीत दुसरा वास असता तर कळलं असतं.

पावसात आणि उबेत ते तेल तसंच राहिलं. थंडी आली तसं आत गोठायला लागलं. कंपनीचं मशीन बिघडलं नव्हतं. मी बिघडवलं होतं.

ते इंग्रजी पुस्तक मी तेव्हा पहिल्यांदा शब्दकोश घेऊन बसून वाचलं. मॅट्रिकपर्यंतचं इंग्रजी मला येत होतं, पण पुस्तकात चित्रं होती म्हणून मी चित्रांवरच भागवलं होतं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं की कंपनीचं तेल सोडून दुसरं तेल वापरल्यास हमी रद्द समजावी.

म्हणजे खरं लिहिलं तर तिच्या मशीनची हमी जाणार. न लिहिलं तर छापील कार्डं येत राहणार. मी दोन दिवस काही केलं नाही. सरळ सांगायचं तर मला तिच्या हमीची काळजी होती तितकीच माझ्या नावाचीही होती. गावभर होणार की शिवणाच्या बाईने मशीनला डोक्याचं तेल घालायला लावलं. तिसऱ्या दिवशी ती बाजाराला आली तेव्हा मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं, माझ्या चुकीसकट. मशीन तिचं, तेव्हा काय लिहायचं ते तिने ठरवावं.

तिने फार वेळ घेतला नाही.

"खोटं लिवून तीन उत्तरं आली," ती म्हणाली. "खरं लिवा. खोट्यानं काय मशीन चाललं नाय."

खोटं नव्हतं लिहिलं, मी म्हटलं. फक्त पुरतं माहीत नव्हतं.

"तेच ते," ती म्हणाली.

चौथं पत्र सगळ्यांत लहान झालं. आदर नाही, रागही नाही. मी लिहिलं की आमच्या वर्गातल्या बायकांनी मशीनला खोबरेल तेल घातलं आहे. कुठलं तेल घालावं हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, ती चूक माझी. तुमचं पुस्तक त्यांना वाचता येत नाही आणि तुमचं तेल इथे मिळत नाही. थंडीत खोबरेल गोठतं, म्हणून मशीन सकाळी बंद पडतं आणि उन्हात ठेवलं की चालतं. हमी रद्द होत असेल तर होवो, पण आत गेलेलं तेल बाहेर कसं काढायचं तेवढं कळवा. एका बाईचं काम या मशीनवर अडलं आहे आणि तिच्याकडे संक्रांतीपर्यंतच वेळ आहे. हमी रद्द होवो हे मी लिहून टाकलं तेव्हा ती शेजारी बसलेली होती, आणि मी तिला ते वाचून दाखवलं होतं.

सहाव्या दिवशी तो माणूस आला.

चाळिशीचा, किडकिडीत, टोपी घातलेला, मुंबईचं स्वच्छ मराठी बोलणारा. कंपनीच्या दुरुस्ती खात्यातला कारागीर. पत्रात दिलेला पत्ता विचारत विचारत आला होता. मी त्याला वर्गाच्या खोलीत नेलं, आणि वर्गातल्या एकीला गव्हाणला निरोप घेऊन पाठवलं. दुपारच्या बसने ती आपलं मशीन घेऊन हजर.

त्याने मशीनची पट्टी काढली, आतून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. मग त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आनंदच म्हणावं लागेल.

"डोक्याचं तेल," तो म्हणाला. "बाई, तुम्हाला ठाऊक नाही तुम्ही काय केलंत ते."

मी म्हटलं, मला चांगलं ठाऊक आहे, म्हणूनच लिहिलं.

तो म्हणाला, तसं नव्हे. दरवर्षी किनाऱ्यावरून त्यांच्याकडे अशी पत्रं येतात. अलिबागहून, रत्नागिरीहून, वेंगुर्ल्याहून. सगळी थंडीतली, आणि सगळ्यांत एकच, सकाळी मशीन चालत नाही. घाटावरून येत नाहीत. कंपनीत सुया बदलून पाहिल्या, चाकाचा पट्टा बदलून पाहिला. मशीनं मुंबईला मागवली तर तिथल्या कारखान्याच्या गरमीत ती बरी चालायची, म्हणून न उघडता पुसून परत पाठवायची. शेवटी साहेबांनी स्वतःच एक कारण शोधून ठेवलं होतं. थंडीत कोकणातल्या बायका उशिरा उठतात, आणि शिवणाचा कंटाळा आला की मशीनवर ढकलतात.

ती कोपऱ्यात बसून ऐकत होती.

"साहेबाला एक दिस मिठावर धाडा," ती म्हणाली. "मंग कलंल कोन कवा उठतं."

कारागीर हसला आणि म्हणाला, सांगतो. सांगितलं नसणार.

मग त्याने विचारलं, घरात रॉकेल आहे का? मला वाटलं त्याला हात धुवायचे आहेत. त्याने ज्या ज्या भोकांतून आम्ही खोबरेल घातलं होतं त्या त्या भोकांतून रॉकेलचे थेंब सोडले, मशीन थोडा वेळ तसंच ठेवलं, मग दोरा न घालता भरभर फिरवलं. खालून पिवळट लगदा बाहेर आला. चिंधीने पुसला. पुन्हा रॉकेल, पुन्हा फिरवणं. तिसऱ्या वेळी स्वच्छ आलं. मग पिशवीतून बाटली काढून कंपनीचं पातळ तेल दिलं. एका मशीनला अर्धा तास लागला. तिसरं मशीन त्याने तिलाच करायला लावलं आणि स्वतः बघत बसला.

औषध माझ्या स्टोव्हखालच्या डब्यात होतं. महिनाभर मी मुंबईला लिहीत होते.

हमीचं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, पत्रात रद्द होवो लिहिलंय ना, मग होऊ दे, तुम्हाला आता तिची गरज काय? तेही खरं होतं. त्याने वहीत काहीबाही लिहून घेतलं. मी संधी साधून बुचाचं सांगितलं, पुस्तकाचं सांगितलं, झाकणाचं सांगितलं. त्याने सगळं लिहिलं. जाताना दोन मोठ्या बाटल्या तेल ठेवून गेला, एक वर्गाला, एक तिला.

तिचे बारा सदरे राहिले होते. संक्रांत तीन दिवसांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ मिठावर निघाला तेव्हा मशीनचा आवाज येत होता, आणि तो उंबऱ्यात थोडा थांबून गेला, असं तिने मला नंतर सांगितलं. संक्रांतीला तो काही बोलला नाही. झेंडावंदनाच्या दोन दिवस आधी तीसही सदरे गुरुजींकडे पोचले. देण्याआधी तिने ते मला दाखवले तेव्हा एकाची कॉलर जरा चढलेली दिसली. मी ती तिला दाखवली, तिने उसवून पुन्हा घातली.

मिठावर त्या वर्षी भावाने दुसरी बाई घेतली, वाडीवरची कातकरीण. तिच्या पायांचं काय झालं ते मला माहीत नाही. हिचे पाय पुढच्या दोन वर्षांत बरे झाले. भावाने कधी अट मागे घेतली असं म्हटलं नाही. त्याने फक्त होळीच्या आधी स्वतःच्या सदऱ्याचं कापड आणून तिच्यापुढे ठेवलं.

पुढल्या वर्षी वर्गासाठी आणखी एक मशीन घेतलं. चाचांनी दुकानातच खोकं उघडलं आणि पुस्तक माझ्या हातात दिलं. इंग्रजीच होतं, पण शेवटच्या पानामागे मराठीत एक चौकट छापलेली होती. यंत्रास खोबरेल तेल मुळीच देऊ नये. चुकून दिल्यास रॉकेलने धुवावे. एवढंच. मी बाटली बघितली. बूच तेच. झाकण उघडून बघितलं, लाकूड तेच.

चाचांना मी म्हटलं, कान आहेत म्हणायचे कंपनीला. ते म्हणाले, "एकच हाय बाई. दुसऱ्यानं ऐकू येत नाय."

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. मी तीन पत्रांत आमचं काय अडलं ते लिहिलं होतं, आणि तशी पत्रं त्यांच्याकडे ढिगाने पडलेली होती. चौथ्यात आम्ही काय केलं ते लिहिलं. ते त्यांना दुसरीकडून कळण्यासारखं नव्हतं, म्हणून माणूस आला. आमची दया आली म्हणून आला नाही आणि माझ्या भाषेसाठी तर नाहीच. तेव्हापासून मी कुठल्याही कंपनीला लिहिते तेव्हा आधी आपण काय केलं ते लिहिते, मग त्यांचं काय चुकलं ते. त्यामुळे दर वेळी उत्तर येतं असं नाही. पण पत्र लिहिता लिहिताच निम्म्या वेळा बिघाड सापडतो.

ती चौकट मी तिला वाचून दाखवली. तिने मला दोनदा वाचायला लावली. आता तीच गव्हाणला सात-आठ पोरींना शिवण शिकवत होती, आणि पहिल्या दिवशी दोन बाटल्या समोर ठेवून दोन्हींचा वास घ्यायला लावायची.

"आमचं नाव नाय टाकलं?" तिने विचारलं.

नाही, मी म्हटलं.

"बरं जालं. लोकं हसली असती." मग तिने पुस्तक उलटून पाहिलं, जणू मागे आणखी काही छापलेलं असेल. "झाकनाचं काय लिवलंय?"

झाकणाचं काही लिहिलेलं नव्हतं.

"मंग परत लिवा. पावसात माजं झाकन बसतच नाय. न् या वख्ती काय क्यालं ते बी लिवा. आमी त्याला उनात ठेवलं, मेन लावलं, सगलं क्यालं."

मी तिच्यासमोरच कागद घेतला आणि ती सांगेल तसं लिहिलं, मेणासकट. आठ दिवसांनी छापील कार्ड आलं. आपली सूचना संबंधित खात्याकडे पाठवली आहे.

शिक्का या वेळी सरळ होता.